वयस्क मांजरीची लस: कोणती, कधी आणि कोणासाठी

म्हाळसाला, म्हणजे आमच्या मांजरीला, या पाडव्याला चौदा वर्षे पूर्ण झाली. तिच्या लसीकरणाच्या पुस्तिकेतली पहिली दोन पाने बाटल्यांवरून सोलून चिकटवलेल्या छोट्या स्टिकरांनी भरलेली आहेत, पुढच्या पानांवर त्या स्टिकरांमधले अंतर वाढत गेले आहे, आणि दरवर्षी लसीची तारीख जवळ आल्याचा दवाखान्याचा निरोप मोबाइलवर आला की आमच्या घरात तोच वाद नव्याने सुरू होतो. सासूबाईंचे म्हणणे असे, की जी मांजर तिसऱ्या मजल्यावरच्या घराचा उंबरठा ओलांडत नाही तिला या वयात टोचण्यात काय हशील आहे. मुलीचे म्हणणे असे, की म्हातारपणीच प्रतिकारशक्ती कमी होते, म्हणून लस आताच जास्त गरजेची. दोघींचे बोलणे ऐकताना पटते, पण दोघींची चूक एकच आहे: दोघीही 'लस' हा शब्द एकवचनी वापरतात.

मांजरीला आपल्याकडे सर्वसाधारणपणे दोन इंजेक्शने दिली जातात. एक रेबीजविरोधी, ज्याला दवाखान्यात एआरव्ही म्हणतात, आणि दुसरे ट्रायकॅट या नावाने ओळखले जाणारे, ज्यात पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू, मांजरींचा हर्पिस विषाणू आणि कॅलिसी विषाणू अशा तिघांविरुद्धची लस एकत्र असते. म्हणजे रोग चार झाले. या चारांपैकी कोणता मांजरीपर्यंत कसा पोचतो, त्याच्याविरुद्ध एकदा आलेली प्रतिकारशक्ती किती टिकते आणि तो झाल्यास घरातल्या माणसांना काय भोगावे लागते, याची उत्तरे चारही रोगांत सारखी नाहीत. त्यामुळे वयस्क मांजरीला लस द्यावी का, या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दाचे उत्तर देणाऱ्यावर, तो डॉक्टर असो की शेजारी, मी तरी चटकन विश्वास ठेवत नाही.

वयस्क कोणाला म्हणावे, हे आधी सांगितले पाहिजे. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनांनी २०२१ मध्ये मांजरीच्या आयुष्याचे जे टप्पे ठरवले, त्यांनुसार सात ते दहा वर्षे हा प्रौढपणाचा काळ आणि दहाच्या पुढचा ज्येष्ठपणाचा. माणसाच्या वयाशी मेळ घालायचा तर दहा वर्षांची मांजर साधारण छप्पन्न वर्षांच्या माणसासारखी आणि पंधरा वर्षांची मांजर शहात्तरीतल्या माणसासारखी समजली जाते. अकराव्या वर्षी ठणठणीत असलेली मांजर आणि सतराव्या वर्षी अंग झडून हाडे लागू लागलेली मांजर या दोघी 'म्हाताऱ्या'च, पण त्यांच्याविषयीचा निर्णय एक असू शकत नाही.

जुनी लस किती पुरते

पॅनल्यूकोपेनियाला बरेच जण 'कॅट पार्व्हो' म्हणतात, आणि ते नाव चुकीचे नाही, कारण हा विषाणू कुत्र्यांच्या पार्व्होचा अगदी जवळचा नातेवाईक आहे. शरीरात ज्या पेशी झपाट्याने वाढतात त्यांच्यावर तो तुटून पडतो, म्हणजे आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा यांवर. मग एकीकडे उलट्या आणि जुलाब सुरू होतात आणि दुसरीकडे रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या घटतात की त्यावरूनच रोगाला हे नाव पडले. लस न घेतलेली पिल्ले यात पाहता पाहता दगावतात. हा विषाणू घरातल्या फरशीवर, गादीवर, चपलांच्या तळव्यावर महिनोन्‌महिने, अनुकूल जागी वर्षभरही तग धरतो आणि अनेक नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही. त्याला मारायला ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, लागते. म्हणजे निदान या रोगापुरता सासूबाईंचा मुद्दा लंगडा पडतो. मांजर बाहेर जात नसली तरी घरातली माणसे रोज जातात आणि चपला घालून परत येतात.

तरीही याच रोगाच्या बाबतीत वयस्क मांजरीच्या मालकाने सर्वांत कमी काळजी करावी, कारण इथली लस विलक्षण टिकाऊ आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या विषयात नेहमी सांगितला जातो. लहानपणी त्रिगुणी लस दिलेल्या मांजरी त्यांनी तब्बल साडेसात वर्षे इतर मांजरींपासून वेगळ्या ठेवल्या, त्या काळात एकही बूस्टर दिला नाही, आणि मग त्यांचा विषाणूंशी मुद्दाम सामना घडवून आणला. पॅनल्यूकोपेनियापासून त्या पूर्णपणे सुरक्षित राहिल्या. हर्पिसच्या बाबतीत संरक्षण निम्म्यावर आले होते आणि कॅलिसीच्या बाबतीत ६३ टक्क्यांवर. जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना याच दिशेच्या आहेत: लहानपणीचे डोस आणि त्यांच्यानंतरचा बूस्टर नीट झालेल्या प्रौढ मांजरीला पॅनल्यूकोपेनियाची लस तीन वर्षांतून एकदा यापेक्षा अधिक वेळा देऊ नये. म्हाळसाचे लहानपणीचे डोस झालेले आहेत, बूस्टर झालेला आहे, त्यानंतरही अनेकदा लस झालेली आहे. तिला दरवर्षी ही लस टोचून तिच्या शरीराला आधीपासून पाठ असलेलाच धडा पुन्हा ऐकवला जातो.

हर्पिस आणि कॅलिसी यांना मिळून आपण 'मांजरीची सर्दी' म्हणतो: शिंका, डोळ्यांत चिकट पाणी, नाक चोंदणे, आणि कॅलिसीत जिभेवर व टाळूवर फोड. या दोघांविरुद्धची लस संसर्ग थोपवत नाही, आजाराची तीव्रता कमी करते. हर्पिस एकदा शरीरात शिरला की चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या मुळाशी जन्मभर दडून बसतो आणि घर बदलले, घरात पाहुणे आले, रंगकाम निघाले की पुन्हा डोके वर काढतो. लहानपणी रस्त्यावरून उचलून आणलेली आणि दर दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने शिंकू लागणारी मांजर ज्यांच्या घरी आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. कॅलिसीचे प्रकार इतके आहेत की एका लसीत सगळ्यांचा बंदोबस्त होत नाही.

म्हणून इथे निर्णय वयावर कमी आणि गाठीभेटींवर जास्त अवलंबून असतो. घरात एकटीच राहणारी, बाहेर न जाणारी आणि कधीही पाळणाघरात न ठेवली जाणारी मांजर असेल, तर वरील मार्गदर्शक सूचना तिच्यासाठी तीन वर्षांचे अंतर पुरेसे मानतात. याउलट घरात तीन-चार मांजरी असतील आणि त्यांचे बाहेर येणे-जाणे असेल, किंवा दर मे महिन्यात गावी जाताना मांजर बोर्डिंगमध्ये ठेवली जात असेल, तर या दोन विषाणूंची लस दरवर्षी देण्याला अर्थ आहे आणि तीही बोर्डिंगच्या थोडीच आधी, म्हणजे संरक्षण ताजे असताना. मला विचाराल तर वयस्क मांजरीच्या घरात सर्वांत मोठा धोका वाहून आणते ते नवे पिल्लू. पावसात भिजलेले पिल्लू मुलांनी उचलून आणले, तर त्याला दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे, आणि म्हातारीची लस कधी झाली होती ते त्याच दिवशी पुस्तिकेत बघावे.

सर्दी म्हणजे किरकोळ, असा एक समज आहे. तरुण बोक्याला ती आठवडाभरात सोडून जाते हे खरे. पण मांजर वासावर जेवते. नाक चोंदलेली म्हातारी मांजर मासळीच्या वाटीसमोरसुद्धा तोंड फिरवून बसते, आणि मांजरीने काही दिवस सलग खाल्ले नाही तर यकृतात चरबी साचून सर्दीपेक्षा कितीतरी मोठे दुखणे उभे राहते.

रेबीजचा हिशेब निराळा

वर सांगितलेले तिन्ही विषाणू माणसाला होत नाहीत. रेबीज होतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच जीव घेतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशात दरवर्षी रेबीजने सुमारे ५,७०० माणसे मरत असावीत असा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा आधीचा अंदाज १८ ते २० हजारांचा होता. कोणताही आकडा धरला तरी हा रोग आपल्या गल्लीतला आहे, हे बदलत नाही. त्याचा मुख्य वाहक कुत्रा असला तरी मांजरीला तो होतो आणि मांजरीकडून माणसाला होऊ शकतो. मुंगूसही तो पसरवू शकते, आणि आपल्याकडे कंपाउंडच्या भिंतीवरून मुंगूस पळताना पाहिले नाही असा माणूस विरळा.

आता म्हाताऱ्या, घरकोंबड्या मांजरीला रेबीज होण्याची शक्यता फार थोडी, हे मान्य करू. तरीसुद्धा तिची रेबीजची लस चुकवू नये असे माझे ठाम मत आहे, आणि त्याचे कारण रेबीजच्या विषाणूइतकेच मांजरीच्या म्हातारपणात आहे. तरुण मांजरीच्या दातांशी आपला फारसा संबंध येत नाही. म्हाताऱ्या मांजरीच्या मात्र रोज येतो: मूत्रपिंडाची किंवा रक्तदाबाची गोळी घशात ढकलताना, कातडीखाली सलाइन देताना, गुंतलेले केस कापताना, दुखरा दात बघताना. घरातल्या घरात चावे आणि ओरखडे होतात ते याच वर्षांत. त्यात म्हातारपणाची काही लक्षणे अशी असतात की अनोळखी माणूस ती पाहून घाबरावा. दात किडलेल्या मांजरीच्या तोंडातून लाळ गळते. रक्तदाब वाढलेली किंवा बुद्धी मंदावलेली मांजर रात्री विचित्र आवाजात ओरडते, भिंतीला धडकते. आयुष्यभर अंगावर हात फिरवू देणारी मांजर सांधे दुखू लागले की फिस्कारते. लाळ गळणारी, झोकांड्या खाणारी, एकाएकी चिडखोर झालेली मांजर कामवाल्या मावशींना चावली, तर पुढचे दहा दिवस घरात कसे जातील याचा विचार करावा. भारतात मांजर चावल्यावर, कुत्र्याप्रमाणेच, त्या प्राण्यावर दहा दिवस लक्ष ठेवण्याची पद्धत आहे, आणि अतिशय म्हातारी किंवा आजारी मांजर या दहा दिवसांत निव्वळ स्वतःच्या आजाराने मरू शकते. तेव्हा डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो लसीच्या दाखल्याचा.

याचा अर्थ लस दिलेली मांजर चावली तर स्वस्थ बसावे असा नाही. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, हळद किंवा चुना लावू नये, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पुढे काय करायचे ते त्यांनी ठरवायचे.

रेबीजची लस किती अंतराने द्यायची, हे त्या विशिष्ट लसीच्या माहितीपत्रकात लिहिलेल्या मुदतीवरून ठरते. आपल्याकडे ती सहसा वर्षाला दिली जाते. काही देशांत तीन वर्षांची मुदत असलेल्या लसीही वापरात आहेत. ज्यांची मुले परदेशी स्थायिक झाली आहेत आणि ज्यांना मांजरीसह तिकडे जायचे आहे, त्यांनी ही तारीख एका दिवसानेही चुकवू नये. युरोपीय संघात भारतातून मांजर न्यायची तर आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान तीस दिवसांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत रक्तातल्या प्रतिपिंडांची, म्हणजे अँटिबॉडींची, तपासणी, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणे, असा क्रम आहे. लसीची मुदत मध्येच संपली तर हा सगळा खेळ पहिल्यापासून मांडावा लागतो.

या तपासणीतूनच मुलीच्या मुद्द्याचेही उत्तर मिळते. प्रवासासाठी आयुष्यात पहिल्यांदाच रेबीजची लस घेतलेल्या प्राण्यांत वयस्क प्राणी आवश्यक पातळी गाठण्यात अधिक वेळा नापास होतात, असे दिसून आले आहे. म्हणजे म्हातारे शरीर नवा धडा हळू शिकते. परंतु तरुणपणी शिकलेला धडा ते सहसा विसरत नाही. आधी नीट लसीकरण झालेल्या प्राण्यांची स्मृती उतारवयातही शाबूत राहते आणि एका बूस्टरने जागी होते. 'म्हातारपणी प्रतिकारशक्ती कमी होते' हे वाक्य म्हणूनच अर्धेच खरे आहे, आणि त्यातून 'म्हणून लस अधिक वेळा द्या' हा निष्कर्ष तर मुळीच निघत नाही.

लसीचा त्रास किती, आणि गाठीची भीती किती खरी

अमेरिकेत सुमारे पाच लाख मांजरींच्या नोंदी तपासून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लस दिलेल्या दर दहा हजार मांजरींमागे सुमारे ५२ वेळा काही ना काही त्रास नोंदवला गेला होता. त्यात मलूल होणे, खाणे कमी होणे, टोचलेली जागा दुखणे, ताप अशा दिवस-दोन दिवसांत ओसरणाऱ्या गोष्टी प्रामुख्याने होत्या. एका भेटीत जितक्या लसी जास्त तितका त्रासाचा संभव जास्त, हेही त्यात दिसले, आणि हा त्रास सर्वाधिक आढळला तो साधारण वर्षभराच्या मांजरींत, म्हाताऱ्यांत नव्हे. तरीही वयस्क मांजरीला एआरव्ही आणि ट्रायकॅट एकाच दिवशी न देता दोन-तीन आठवड्यांचे अंतर ठेवावे, असे मी सुचवीन. तसे करताना दुसऱ्यांदा पिंजऱ्यात घालण्याचा छळ होतो, हे लक्षात घेऊन डॉक्टर घरी येत असतील तर उत्तम.

क्वचित तीव्र ॲलर्जी येते. लसीनंतर काही मिनिटांत किंवा काही तासांत उलट्या होऊ लागल्या, तोंड सुजले, श्वास लागला तर 'बघू, उतरेल' म्हणत थांबू नये. म्हणून लस शक्यतो सकाळी घ्यावी आणि दवाखान्याच्या बाकावर अर्धा तास बसून मग निघावे.

गाठीची भीती मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे. इंजेक्शन दिलेल्या जागी काही मांजरींना पुढे महिन्यांनी किंवा वर्षांनी सार्कोमा नावाचा कर्करोग होतो, ही गोष्ट पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी १९९१ मध्ये प्रथम निदर्शनास आणली. त्याचे प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत वेगवेगळे आले असले तरी दहा हजारांत एकाच्या आसपास हा नेहमी दिला जाणारा अंदाज आहे. सर्वाधिक संशय आहे तो प्रतिकारशक्ती चेतवणारे द्रव्य मिसळलेल्या निष्क्रिय, म्हणजे मारलेल्या विषाणूच्या, लसींवर, ज्यांत रेबीजची लस येते. पण दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या स्टेरॉइडसारख्या इतर इंजेक्शनांनंतरही अशा गाठी आढळल्या आहेत. ही गाठ कातडीखाली मुळांसारखी पसरते, त्यामुळे मानेवर किंवा दोन खांद्यांच्या मध्ये झाली तर ती पूर्ण काढणे जवळपास अशक्य होते. पायाच्या खालच्या भागात झाली तर पाय गमावून का होईना, जीव वाचवता येतो. म्हणून जाणकार डॉक्टर आता मानेची कातडी चिमटीत धरून लस देण्याचे टाळतात आणि रेबीजची लस उजव्या मागच्या पायाला, गुडघ्याच्या खाली देतात. म्हाळसाच्या पुस्तिकेत प्रत्येक स्टिकरशेजारी 'उ. मा. पाय' असे लिहून घेण्याची सवय मी लावून घेतली आहे. पहिल्यांदा सांगितले तेव्हा कंपाउंडर हसला होता.

लसीनंतर टोचल्या जागी वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली तर घाबरू नये, ती बहुधा काही आठवड्यांत विरते. गाठ तीन महिने टिकली, दोन सेंटिमीटरहून मोठी झाली, किंवा लसीला महिना उलटल्यावरही वाढत राहिली, तर या तिन्हींपैकी एकही गोष्ट डॉक्टरांना दाखवायला पुरेशी आहे.

मूत्रपिंडांविषयीही एक प्रश्न विचारला जातो. ट्रायकॅटमधले विषाणू वाढवण्यासाठी ज्या पेशी वापरल्या जातात त्या मूळच्या मांजरीच्याच मूत्रपिंडाच्या आहेत, आणि लसीसोबत त्या पेशींचे अंश शरीरात गेल्याने काही मांजरींच्या रक्तात त्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, हे कोलोरॅडोतल्या प्रयोगांत दिसले आहे. इंग्लंडमधल्या एका अभ्यासात वारंवार लसीकरण झालेल्या मांजरींत पुढे मूत्रपिंडाचा आजार अधिक आढळला. त्याच अभ्यासात दातांच्या आजाराशीही असाच संबंध दिसला. संबंध दिसणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे, हे इथे पक्के लक्षात ठेवावे. पण जी लस तीन वर्षे पुरते ती दरवर्षी न देण्याचे हे आणखी एक कारण मला वाटते. लस मुळीच देऊ नये, असे मात्र यातून कोणी काढू नये.

टेबलावरचा निर्णय

गेल्या वर्षी म्हाळसाला लसीसाठी नेले तेव्हा आमच्या डॉक्टरांनी लसीची बाटली काढण्याआधी तिला वजनकाट्यावर ठेवले. काटा ३.४ किलोवर थांबला. पुस्तिकेत त्याच्या आदल्या वर्षी ४.१ लिहिलेले होते. आम्हाला रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे काही जाणवले नव्हते. पाणी जरा जास्त पिते, उन्हाळा आहे, एवढेच वाटले होते. त्या दिवशी लस राहिली आणि रक्त तपासायला गेले. क्रिएटिनिन २.६ निघाले, म्हणजे मूत्रपिंडांचे काम मंदावू लागले होते. आहार बदलला, तीन आठवड्यांनी वजन स्थिर दिसले, ती खाऊ-पिऊ लागली, आणि मग फक्त रेबीजची लस दिली गेली. ट्रायकॅट दोनच वर्षांपूर्वी झालेली असल्यामुळे ती पुढे ढकलली. याआधी एका दुसऱ्या दवाखान्यात वजनसुद्धा न करता, दारातल्या गर्दीत उभ्या उभ्या, पिंजऱ्याच्या झाकणातूनच तिला दोन्ही लसी टोचल्या गेल्या होत्या आणि मीही मुकाट्याने पैसे देऊन आले होते. वयस्क मांजरीच्या बाबतीत त्या भेटीतला खरा उपयोग तपासणीचा असतो. लस हे निमित्त आहे.

मूत्रपिंडाचा, मधुमेहाचा किंवा थायरॉइडचा आजार असून तो आटोक्यात असेल, तर लस वर्ज्य नाही. अंगात ताप असेल, मांजर खात नसेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर थांबावे. प्रतिकारशक्ती दाबून टाकणाऱ्या मोठ्या मात्रेत स्टेरॉइड चालू असेल तर जिवंत विषाणूची लस देऊ नये. मांजरींचा एड्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एफआयव्हीचा किंवा मांजरींच्या ल्यूकेमिया विषाणूचा संसर्ग असेल तर डॉक्टर निष्क्रिय लस पसंत करतात. परदेशी राहणारे वाचक ल्यूकेमियाच्या लसीविषयी विचारतात. वयाबरोबर मांजरीत या विषाणूला नैसर्गिक प्रतिकार येतो, त्यामुळे घरातच राहणाऱ्या वयस्क मांजरीला तिची गरज सहसा उरत नाही.

ज्या मांजरीचा इतिहासच माहीत नाही तिचे काय? सोसायटीच्या आवारात आठ-दहा वर्षे काढलेला बोका म्हातारपणी कोणाच्या तरी घरात शिरतो आणि तिथलाच होतो, असे आपल्याकडे नेहमी घडते. 'आता काय उपयोग' असे म्हणून त्याला लसीविना ठेवणे मला अजिबात पटत नाही. त्याला ट्रायकॅटचे दोन डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, रेबीजचा एक डोस आणि वर्षाने दुसरा, असा क्रम ठेवावा. पॅनल्यूकोपेनियाविरुद्ध प्रौढ मांजरीला जिवंत लसीचा एक डोसही बहुधा पुरतो. दुसरा लागतो तो सर्दीच्या विषाणूंसाठी. जिथे सोय आहे तिथे रक्तातली प्रतिपिंडे तपासून पॅनल्यूकोपेनियाची लस टाळता येते, कारण या रोगात प्रतिपिंडे असणे म्हणजे संरक्षण असणे, असे म्हणता येते. हर्पिस आणि कॅलिसीच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही, तेव्हा त्यांच्या तपासणीवर पैसे घालवू नयेत.

'म्हातारी आहे, वजन कमी आहे, अर्धाच डोस द्या' अशी विनंती डॉक्टरांना वारंवार ऐकावी लागते. लसीचा डोस औषधासारखा वजनावर ठरत नाही. दोन महिन्यांच्या पिल्लाला आणि सहा किलोच्या बोक्याला तोच एक मिलिलिटर लागतो, कारण ते प्रतिकारशक्तीला इशारा देण्याचे किमान प्रमाण आहे. अर्ध्या डोसात टोचण्याचा त्रास पूर्ण होतो आणि संरक्षणाची खात्री मात्र राहत नाही. ट्रायकॅटच्या बाटलीत तळाशी पांढरी कोरडी वडी असते आणि शेजारच्या बाटलीतले द्रावण घालून ती तिथल्या तिथे विरघळवली जाते. ती आपल्यासमोर विरघळवली जाते आहे का, बाटली फ्रीजमधून काढली का, हे पाहणे गैर नाही. दोन ते आठ अंश तापमानात न राहिलेली लस टोचून घेण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी यावे.

पिंजरा आदल्या आठवड्यापासून घरात उघडा ठेवावा, त्यात तिच्या अंथरुणातला जुना टॉवेल घालावा. वरून झाकण काढता येईल असा पिंजरा असेल तर सांधे दुखणाऱ्या मांजरीला ओढून काढावे लागत नाही. परळच्या ज्या रुग्णालयाला मुंबईकर पिढ्यान्‌पिढ्या 'बैलघोडा' म्हणत आले आहेत, तिथे काय किंवा गावातल्या एका खोलीच्या दवाखान्यात काय, बाकावर शेजारी कुत्रा बसलेला असतोच. तेव्हा पिंजऱ्यावर चादर टाकून तो मांडीवर, जमिनीपासून वर ठेवावा. फार घाबरणाऱ्या मांजरीसाठी भेटीआधी घरी द्यायचे भीती कमी करणारे औषध डॉक्टरांकडून आधीच मागून घेता येते.

आणि एक मांजर अशी असते जिच्याबाबत मी लसीचा विषयही काढणार नाही. कर्करोग पसरलेली, मूत्रपिंडे शेवटच्या टप्प्यात गेलेली, जिच्याकडे महिने नव्हे तर आठवडे उरले आहेत असे डॉक्टरांनी सांगितलेली. तिची रेबीजची मुदत संपत आली असेल, तर घरात तिला कोण उचलते, लहान मुले तिच्याजवळ जातात का, तोंडातून औषध कोण देते, हे डॉक्टरांशी बोलावे. हातमोजे घालून, जाड टॉवेलात गुंडाळून काम भागत असेल तर तेवढेच करावे आणि तिला पिंजऱ्यात घालून उन्हातून नेऊ नये. दवाखान्याचा निरोप आला तर त्यांना फोन करून तिचे नाव यादीतून काढायला सांगावे, म्हणजे ती गेल्यानंतरच्या वर्षी तो निरोप पुन्हा येणार नाही.